शेवंताआक्काचा ओढ्याकाठचा रस्ता

शेवंताआक्का, मी आज जो काही आहे, तो सगळ्यांत जास्त तुझ्यामुळे आहे. इतकं साधं वाक्य. ते तुझ्यासमोर म्हणायला मला वीस वर्षं पुरली नाहीत. आता तू गेलीस, तुझा जलदान विधी होऊन चार दिवस झालेत, आणि मी बेळगावात, कॅम्पातल्या माझ्या घरी, मुलांच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून ते कागदावर लिहितो आहे.

विधीच्या दिवशी वंदना झाली, लोक पंगतीला बसले आणि मी मागच्या दाराने निघून जुन्या रस्त्यावर गेलो. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या लेकाने, सुरेशने पाहिलं असावं, पण तो माझ्याशी बोलत नाही. ओढ्याला अजून पाणी आहे. डांबराच्या भेगांतून गवत गुडघ्याएवढं वाढलंय, आणि मधल्या सपाट जागेत कुणीतरी सोयाबीन वाळत घातलंय. तू असतीस तर कडेकडेने चालली असतीस आणि एखादी शेंग बाहेर पडलेली दिसली तर पायाने आत लोटली असतीस. मीही तसंच केलं.

तुला हा रस्ता सांगायची गरज नाही. पण हे वाचणाऱ्याला तो ठाऊक नसेल. निपाणीकडे जाणारा पूर्वीचा मोठा रस्ता आपल्या गावाजवळ ओढ्याच्या काठाकाठाने वळत जायचा. पुढे चौपदरी झाला तेव्हा त्यांनी माळावरून सरळ रेघ मारली आणि ओढ्याकाठचं हे वळण तसंच टाकून दिलं. मोटारी गेल्या. आपल्या गावचा एसटीचा थांबा गेला. चहाचं हॉटेल होतं, त्याचा मालक टेबलं-खुर्च्या घेऊन नव्या रस्त्याला गेला. राहिली ती दोन्ही बाजूंची झाडं, चुना उडालेला मैलाचा दगड, दगडी कठड्याची मोरी, म्हणजे लहानसा पूल, आणि शेजारून चाललेला ओढा. चढ नाही, उतार नाही. लहान पोरालाही दमवणार नाही अशी तासाभराची वाट. वर माळावरून कोगनोळीच्या टोलनाक्याकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर ऐकू येते, पण दिसत काही नाही.

मी एकदा तुला मोठ्या शहाणपणाने सांगत होतो, की रस्ता सोडून दिला की आसपासची वस्ती हळूहळू कशी मरते. इतिहासाच्या पुस्तकात होतं. तू विडीच्या पानांची बुट्टी डोक्यावरून कमरेवर घेतलीस आणि म्हणालीस, "मोटारी गेल्या म्हणून रस्ता गेला व्हय रं? आपुन काय मोटारी हाय?"

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही.

तेव्हा मी पी.यू.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होतो. आपल्या वस्तीतून कॉलेजला गेलेला पहिला. माझा बाप तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा, आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायची. दोघांनाही सही येत नव्हती, पण माझ्या शिक्षणाच्या आड ती कधी आली नाहीत. आड आली ती माझी जीभ. वर्गात सरांनी उभं केलं की मला सगळं येत असायचं आणि तोंडातून काही फुटायचं नाही. एक दिवस सरांनी विचारलं, मी उभा राहिलो, ओठ हलले, आवाज आला नाही, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हशीसारखं हंबरलं. सगळा वर्ग हसला. सरही हसले. मी ठरवलं, झालं एवढं पुरे, उद्यापासून बापाबरोबर वखारीत.

परतीच्या वाटेवर तू भेटलीस. कारखान्यात विड्या देऊन, दुसऱ्या दिवसाची पानं आणि तंबाखू घेऊन तू आणि तुझ्यासारखीच विड्या वळणारी हौसाबाई गावाकडे निघाल्या होतात. माझं तोंड बघून तू विचारलंस, काय झालं. मी सांगितलं.

"काय इचारलं हुतं मास्तरनं?"

"जाऊ दे, आक्का. तुला काय कळणार?"

"मला न्हाय कळलं तर तुझं काय जातंय? सांग की."

मी सांगायला लागलो. अडखळत, पुटपुटत. हौसाबाई फिदीफिदी हसत होती. तू मात्र समोर बघून चालत होतीस, जणू काही ऐकतच नाहीस. मोरी आली तेव्हा तू म्हणालीस, "आता परत सांग. ह्या मोरीपासनं त्या चिंचेपत्तोर एक. मधी थांबायचं न्हाय, आन् चिंच यायच्या आत संपवायचंबी न्हाय."

तिथून ते सुरू झालं. पुढची पाच वर्षं, बी.ए. होईपर्यंत, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. बंद हॉटेलपासून मैलाच्या दगडापर्यंत एक उत्तर, दगडापासून मोरीपर्यंत दुसरं, मोरीपासून चिंचेपर्यंत तिसरं. तुला अक्षर येत नव्हतं. माझं उत्तर बरोबर की चूक हे तुला सांगता येणार नव्हतं, आणि तसं तू कधी सोंगही केलं नाहीस. पण विडीची लांबी बोटाने कळणारी बाई तू. उत्तराची लांबी तुला पायाने कळायची.

एकदा मी एका प्रश्नातलं तिसरं कारण गाळलं. खरं म्हणजे पाठच केलं नव्हतं. चिंच आल्यावर तू थांबलीस.

"काल निंबाजवळ दम घेतला हुतास. आज करंजाजवळच घेतलास. मधलं कायतर खाल्लंस तू."

"न्हाय आक्का, तेवढंच हाय."

"मग काल जास्तीचं कुणाचं सांगितलंस? मागं फिर."

आणि मी खरंच मोरीपर्यंत मागे गेलो. तू ओझं घेऊन चिंचेखाली उभी राहिलीस. बुट्टी खाली ठेवली नाहीस, कारण परत उचलायला कुणीतरी लागलं असतं. ते आता आठवतं. तेव्हा नुसता राग आला होता.

हौसाबाईची टिंगल चालूच असायची. "शेवंते, ह्यो साहेब हुईल आन् आपल्या बिड्या पास करंल काय गं?"

"पास कशाला करंल? ह्यो बिडीच बंद करंल."

"मग आपुन खायाचं काय?"

"त्याची उत्तरं खाऊया."

आणि कानडीचा पेपर! तुला बाजारातलं कानडी माझ्यापेक्षा बरं यायचं. कारखान्यात विड्या तपासणाऱ्या चेकरशी तू कानडीतून भांडायचीस आणि जिंकायचीस. पण पुस्तकातलं कानडी ऐकून तू रस्त्यातच उभी राहिलीस. "हे कसलं रं कानडी? असं कोण बोलतंय? ह्या कानडीत मिरच्या इकायला बसलास तर सांच्यापत्तोर एक मिरची खपणार न्हाय." मी म्हणालो, परीक्षेला हेच लागतं. तू म्हणालीस, "लागतंय तर म्हण. पर हसायला आलं तर मला बोलू नको." त्या वर्षी कानडीत मी पास झालो. तू हसत होतीस म्हणून मी मोठ्याने म्हणायला शिकलो, हे आज वर्गात शंभर मुलांपुढे उभं राहताना मला रोज जाणवतं. शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो. कुणी विचारलं, सर, तुम्ही कुठे शिकलात बोलायला, तर मी कॉलेजचं नाव सांगतो.

हे मला लिहायचं होतं. कॉलेजचं नाव सांगतो.

बी.ए. झालो, पुढे एम.ए. झालो, नोकरी लागली, तेव्हा विहारात माझा सत्कार झाला. वस्तीतला पहिला पदवीधर. शाल, नारळ, फुलांचा हार. स्टेजवर निपाणीहून आलेले दोन पाहुणे, आमचे कॉलेजचे सर, गावचे पुढारी. तू पुढच्याच रांगेत, धुतलेल्या निळ्या लुगड्यात, मांडीवर हात ठेवून बसली होतीस. त्या हातांना स्वस्थ बसायची सवय नव्हती, बोटं आपोआप चालत होती. मी आभाराचं भाषण केलं. सरांचे आभार मानले. माझ्यावर हसलेल्या त्या सरांचेही मानले. आईबापाचे मानले. बाबासाहेबांना अभिवादन केलं. माझ्या खिशात कागद होता आणि त्या कागदावर तुझं नाव होतं, आक्का. मी ते वगळलं. ऐनवेळी वाटलं, या पाहुण्यांपुढे काय सांगू? विड्या वळणाऱ्या बाईबरोबर रस्त्याने बडबडत शिकलो? ते हसतील. पुन्हा ते मागच्या बाकावरचं हंबरणं ऐकू येईल.

कार्यक्रम संपल्यावर तू जवळ आलीस. मी तुझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही. तू म्हणालीस, "लई ग्वाड बोललास. कुटं अडला न्हाईस." बस्स. आणि जाता जाता, "सरांचं नाव दोनदा घेतलंस रं. तितं जागा हुती."

तितं जागा हुती. तुला माहीत होतं. जिथे तुझं नाव होतं, तिथे मी सरांचं नाव दुसऱ्यांदा घेऊन उत्तर लांबवलं होतं. तू रस्त्यावर कान तयार केलेली बाई. जिला पायाने लांबी कळते तिला गाळलेली जागा कळणार नाही का? पण तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस आणि मी तर काढणारच नव्हतो.

बेळगावला आलो. संसार झाला. सणासुदीला गावी यायचो, तुझ्या दारात बसायचो, तू चहा करायचीस. तुझं विड्या वळणं सुटलं, छातीत तंबाखूची धूळ बसलेली होती, जिना चढावा तसा तुझा खोकला चढत जायचा. पण चालणं सुटलं नाही. रोज उन्हं कलली की तू निघायचीस, गावातून मोरीपर्यंत आणि परत. हौसाबाई गेली तरी तू जात राहिलीस. काम नाही, ओझं नाही, कारखाना नाही. आता तर निपाणीची माणसंही पांढरे बूट घालून तिथे फिरायला येतात, सपाट आणि सावलीची वाट म्हणून. त्यांना बघून तू म्हणायचीस, "बघ, आपल्या रस्त्याला गिऱ्हाईक लागलं."

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मोरीची एक बाजू ओढ्याच्या पाण्याने ढासळली, तिथे तू घसरून पडलीस. मनगट मोडलं. सुरेशचा फोन आला तसा मी पहिल्या बसने आलो. तू खाटेवर बसली होतीस, हाताला प्लॅस्टर, कपाळाला खरचटलेलं, आणि शेजारच्या चार बायकांना पडल्याची गोष्ट रंगवून सांगत होतीस. मला इतका राग आला. भीतीचा राग.

"आक्का, तुझं वय काय झालं?"

"मला काय म्हाईत? शाळंत कुणी घातलं न्हाय, म्हणून कुटं लिवलेलं न्हाय."

"चेष्टा नको. आता तुला चालायची काय गरज आहे?"

"गरज हाय म्हणून चालतंय व्हय माणूस?"

"उद्या ओढ्यात पडून राहिलीस तर कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"कळंल की. तितं म्हशी असत्यात."

बायका हसल्या. आणि मला ते हसणं सहन झालं नाही. मी, इतिहासाचा प्राध्यापक, विहारात दर वर्षी अंधश्रद्धेवर भाषण देणारा मी, तुझ्यापुढे उकिडवा बसलो, तुझा चांगला हात धरला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, "तुला माझी आण हाय, आक्का. त्या रस्त्यानं पुढं पाऊल टाकायचं न्हाय."

तुझं हसू थांबलं. तू हात काढून घेतलास, पण हळूच, जणू माझ्या डोक्यावर काहीतरी ठेवलेलं होतं आणि ते सांडेल. "असली आण घालू नये, पोरा," एवढंच म्हणालीस.

मला ठाऊक होतं की तू आण मानतेस. मोडली तर ज्याची आहे त्याचं वाईट होतं, असं तू मानतेस. मी काहीच मानत नाही. म्हणूनच तर ती मी घातली. तुझ्यावर चालेल असं एकच हत्यार माझ्याजवळ होतं, आणि ते तुझ्या भाबडेपणातून उचलून मी तुझ्यावरच चालवलं. बसमध्ये बसलो तेव्हा मला समाधान वाटत होतं. काम फत्ते झाल्यासारखं. महिन्याभरात मी ते विसरूनही गेलो.

तू विसरली नाहीस. सव्वा वर्ष.

हे मला तुझ्या नातीकडून, प्रीतीकडून कळलं. ती आता नववीत आहे. गेल्या महिन्यात मी सहज फोन केला होता. म्हणाली, "सर, आज्जी रोज संध्याकाळी चिंचेच्या अलीकडं जाऊन उभी राहते. पुढं जात न्हाय. मी म्हटलं, चल की, मी हाय की संगट. तर म्हणते, इलासची आण हाय, त्याच्या पोटाला लेक हाय, मी मोडायची न्हाय."

चिंचेच्या अलीकडे, म्हणजे जिथे गावची हद्द संपून जुना रस्ता सुरू होतो तिथे. रोज. तिथून ओढ्याचं पाणी ऐकू येतं, दिसत नाही. तू माझ्या मुलीसाठी तिथे थांबत होतीस. जिला तू दोनदा पाहिलं होतंस.

मी लगेच सुरेशच्या मोबाईलवर फोन लावला आणि तुला द्यायला सांगितलं.

"आक्का, मी विलास. ती आण सुटली बघ. सोडली मी. जा तू रस्त्यावर."

"कोण?"

"विलास, आक्का!"

"फोनवर आण सुटत न्हाय," तू म्हणालीस. "समोर बसून घातलीयास, समोर येऊन सोड. न्हायतर लिवून दे."

"लिहून? तुला वाचता कुठं येतंय?"

"मला न्हाय येत, प्रीतीला येतंय. तुमी शिकल्याली माणसं तोंडच्या बोलण्याला मानता व्हय? कागद मागता. मग मलाबी कागद दे."

मी हसलो. तूही हसलीस, आणि हसता हसता खोकलीस, खूप वेळ. तो खोकला ऐकूनही मी आलो नाही. बेळगावहून निपाणी दीड तास. सहामाही परीक्षा तोंडावर होती, प्रश्नपत्रिका काढायच्या होत्या. मी पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. दीड तासाच्या वाटेला टपालाने चार दिवस घेतले.

पुढचं प्रीतीने सांगितलं. पत्र आलं त्या दिवशी तिने ते तुला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना तू मध्येच चपला शोधायला लागलीस. पहिल्या दिवशी चिंच ओलांडून चार पावलं, आणि बसलीस. दुसऱ्या दिवशी निंबापर्यंत. मग रोज थोडं पुढे. नवव्या दिवशी मोरीपर्यंत पोचलीस आणि चांगल्या बाजूच्या कठड्यावर बसलीस. मी प्रीतीला विचारलं, "वाटेत काय बोलायची आज्जी?" ती म्हणाली, "बोलायची न्हाय. मलाच बोलाय लावायची. विज्ञानाचा धडा."

दहाव्या दिवशी तुला उठताच आलं नाही. धाप लागली होती. निपाणीला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, छाती आतून झिजलेली आहे, आजची नाही, फार वर्षांची. तू घरी जायचं म्हणालीस. घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सूनबाई चहाचं आधण ठेवत असताना, तू गेलीस.

मी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. मी तुझ्या पायांपाशी बसलो. सुरेश आला. मला वाटलं, गळ्यात पडेल. तो उभाच राहिला.

"तुझा कागद आला आणि आई चालाय लागली," तो म्हणाला. "सव्वा वर्ष घरात हुती. जिती हुती."

कुणीतरी त्याला म्हणालं, "सुऱ्या, आता नको."

"आताच. आण घातलीस तवा मला इचारलं न्हाईस. सोडलीस तवाबी न्हाईस. आई कुणाची हुती रं, इलास? तुझी का माझी?"

पाच वर्षं रोज दोन वेळा तू ज्याचं तोंड उघडवलंस, त्याच्या तोंडातून तुझ्या लेकासमोर आवाज फुटला नाही.

तो चूक आहे असं मला म्हणता येत नाही, आक्का. डॉक्टरांनी सांगितलं ते मी मनात धरून आहे, पण मनाचं पूर्ण समाधान होत नाही. तू घरात राहिली असतीस तर हा दसरा पाहिला असतास का? कदाचित. चिंचेच्या अलीकडे उभी राहून. सव्वा वर्ष मी तुला थांबवलं हे माझं चुकलं, एवढं मला पक्कं कळतं. सोडलं ते चुकलं की नाही, हे कळत नाही. आणि दोन्ही वेळा मी सुरेशकडे बघितलंसुद्धा नाही, हे तर त्याच्या बोलण्यानंतरच कळलं. तुझा मुलगा घरात असताना, तुझं काय करायचं हे बेळगावातून मी ठरवत होतो. शिकलेला म्हणून. सगळे माझं ऐकतात म्हणून.

मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याला पटवायला नाही. त्याच्याबरोबर त्या रस्त्यावर चालायला, तो येणार असेल तर. नाही आला तर पुन्हा जाईन.

विधीच्या दिवशी मी रस्त्यावरून परत आलो तेव्हा प्रीती दारात उभी होती. तिने माझ्या हातात पत्र ठेवलं. तुझ्या उशाखाली होतं, घडीवर घडी घालून विडीच्या पानाएवढं केलेलं. मी म्हणालो, तू ठेव, तुझ्या आज्जीचं आहे. ती म्हणाली, "मला पाठ हाय, सर."

मी ते इथे जसंच्या तसं उतरवतो. त्यात सुरेशला उत्तर नाही. पण त्या दिवशी स्टेजवर जे वगळलं ते आहे, आणि तू ते तीनदा ऐकलंस, एवढाच माझा आधार.

बेळगाव

ती. शेवंताआक्कास,

सप्रेम जयभीम.

तू कागद मागितलास म्हणून हा कागद. प्रीती, आज्जीला हे सावकाश आणि मोठ्याने वाचून दाखव, मधले काही खाऊ नको.

आक्का, गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवून मी जी आण घातली होती, ती मी सोडली आहे. आण सुटली. माझे, माझ्या लेकीचे, कुणाचेही काही वाईट होणार नाही. ते तसेही होणार नव्हते. मला हे तेव्हाही माहीत होते आणि तरी मी आण घातली, याची मला लाज वाटते.

त्या रस्त्यावर जाऊ नको म्हणायचा मला अधिकार नव्हता. म्हणून जा म्हणायचाही नाही. तुला वाटेल तेव्हा जा, वाटेल तिथे बस.

आणखी एक. माझ्या सत्काराच्या दिवशी खिशातल्या कागदावर तुझे नाव होते. पाहुणे हसतील म्हणून मी ते घेतले नाही. कागद अजून माझ्याजवळ आहे. त्यावर लिहिले आहे ते असे: "मला बोलायला आमच्या वस्तीतल्या शेवंताआक्कांनी शिकवले. त्या विड्या वळतात. त्या समोर बसल्या आहेत." एवढेच होते. ते म्हणायला मला इतकी वर्षे लागली.

खोकल्याचे औषध वेळेवर घे. सुरेशला माझा नमस्कार सांग.

दसऱ्याच्या सुट्टीत मी येतोच आहे. तोवर एकटी जाऊ नको असे लिहिणार होतो, पण ते लिहीत नाही.

तुझा,
विलास